कोबुर्गचा 'मोर' : एका जर्मन गावाच्या ढालीवरचा काळा संत

इट्झकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले त्याला कारण लेकीचा गृहपाठ.

आम्ही उत्तर बव्हेरियातल्या कोबुर्गमध्ये राहतो. चाळीस हजारांच्या आसपास वस्ती, इट्झ नावाची लहानशी नदी आणि गावाच्या डोक्यावर मोठा किल्ला. इथे प्राथमिक शाळेत आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय असतो. त्यात मुलांनी आपल्या गावाचं नगरचिन्ह काढून रंगवायचं होतं. लेकीनं पिवळ्या खडूनं ढाल भरली, मधल्या डोक्यापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "आई, वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, 'हा तुझ्यासारखा दिसतो.' हा कोण आहे गं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र आत कुठेतरी टोचलं. म्हणून गेले दोन महिने वाचतेय, लोकांना विचारतेय. जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी चिन्ह कसं आहे ते सांगते. सोनेरी ढाल, तिच्यावर एका काळ्या माणसाचं एका बाजूनं दिसणारं डोकं. केस कुरळे, ओठ जाड, कानात बाळी. बस्स, बाकी काही नाही. नगरपालिकेच्या पत्रांवर हेच, रस्त्यातल्या मॅनहोलच्या झाकणांवरही हेच. लोक त्याला 'कोबुर्गर मोर' म्हणतात. मोर म्हटलं की मराठी कानाला पिसारा दिसतो, पण हा शब्द वेगळा. लॅटिनमध्ये 'माउरुस' म्हणजे मॉरेटानियाचा, उत्तर आफ्रिकेतला माणूस. त्यावरून जर्मनमध्ये कुठल्याही काळ्या माणसाला 'मोर' म्हणायची रीत पडली. आज तो शब्द कुणाच्या तोंडावर उच्चारणं अपमानाचं समजतात.

आता हा माणूस कोण? हा संत माउरित्सिउस, बोलीभाषेत मोरित्स, या गावाचा रक्षक संत. आख्यायिका अशी : तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट मॅक्सिमियनच्या फौजेत इजिप्तमधल्या थीब्जकडून आलेली एक तुकडी होती. सगळे सैनिक ख्रिस्ती, आणि माउरित्सिउस त्यांचा सेनानी. आल्प्सच्या खोऱ्यात त्यांना हुकूम झाला, आपल्याच धर्मबंधूंवर शस्त्र उचला. त्यांनी नकार दिला. शिक्षा म्हणून दर दहातला एक मारला गेला. तरी नकार. पुन्हा दहातला एक. शेवटी कुणीच उरलं नाही. हे जिथे घडलं म्हणतात ते ठिकाण आज स्वित्झर्लंडमध्ये सां-मोरिस नावानं ओळखलं जातं आणि तिथे ५१५ सालापासून मठ आहे. अख्खी तुकडी मारली गेली हे इतिहासकार जसंच्या तसं मानत नाहीत. पण युरोपात शेकडो वर्षं लोकांनी ते मानलं. सम्राट पहिला ओटो यानं ९३७ मध्ये माग्देबुर्गला या संताच्या नावे मठ स्थापन केला. तेव्हापासून तो सैनिकांचा आणि साम्राज्याचा संत झाला.

पण तेव्हाच्या चित्रांत तो गोराच असायचा! काळा झाला तो माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये, साधारण १२४० ते १२५०च्या दरम्यान. तो पुतळा बघायला मी मुद्दाम गेले. वालुकाश्माचा आहे. अंगात साखळीचं चिलखत आणि तेच डोक्यावरून गळ्यापर्यंत आलेलं, त्यामुळे फक्त चेहरा उघडा. गुडघ्यांखालचे पाय तुटलेत, हातातलं शस्त्र गेलंय. आणि चेहरा? रुंद नाक, भरलेले ओठ, किंचित पुढे झुकून लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाची नजर. काळ्या रंगाचे अवशेष अजून आहेत. ज्यानं कुणी तो घडवला त्यानं आफ्रिकन माणूस नीट पाहिला असणार, नुसत्या ऐकीव माहितीवर असा चेहरा घडत नाही. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते. थट्टा नाही, भीती नाही, कुतूहलाची वस्तू केलेली नाही. एक शूर, शांत, काळा सरदार, बस्स. त्यानंतर जर्मन मुलखात माउरित्सिउस काळाच काढला जाऊ लागला.

कोबुर्गचं मुख्य चर्च याच संताचं आहे, मोरित्सकिर्श. १५३०च्या ईस्टरला धर्मसुधारक मार्टिन लुथरनं तिथे प्रवचन दिलं. त्या वर्षी तो सुमारे सहा महिने इथल्या किल्ल्यावर मुक्कामाला होता. गाव लुथरपंथी झालं आणि लुथरपंथात संतांची पूजा नाही. मला वाटतं, खरी गफलत इथूनच सुरू झाली. संताची आठवण विझत गेली, ढालीवरचं डोकं तेवढं राहिलं. नाव गेलं आणि उरला नुसता 'मोर', म्हणजे कुणीतरी एक काळा माणूस.

आणि आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९२२च्या ऑक्टोबरमध्ये हिटलर साडेसहाशे माणसं घेऊन खास रेल्वेगाडीनं कोबुर्गला आला आणि रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. १९२९ मध्ये याच गावात नाझी पक्षाला नगरपरिषदेत स्पष्ट बहुमत मिळालं. जर्मनीतलं हे असं पहिलं शहर. काळा माणूस आपला रक्षक, हे त्यांना कसं चालणार? १९३४ मध्ये त्यांनी ते डोकं काढून टाकलं. त्या जागी काळी-सोनेरी ढाल, तलवार आणि तलवारीच्या मुठीच्या टोकाला नाझी स्वस्तिक. युद्ध संपलं, ते गेले आणि माउरित्सिउस परतला.

लेकीला मी सांगितलं, "हा या गावाचा राखणदार आहे. चुकीचा हुकूम मानला नाही म्हणून त्याला मारलं." तिनं विचार केला आणि काळा खडू उचलला.

तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी भर घालावी.

रानजाई

ताई, फार सुंदर लिहिलंत. 'पुन्हा दहातला एक' तिथे काटा आला. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

मोकासदार

लेख आवडला. एक शंका. नुसतं डोकं, धड नाही. आपल्याकडे शत्रूचं मुंडकं कापून मिरवत, तसा प्रकार नाही ना हा? इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या झेंड्यावर चार काळी डोकी आहेत, ती तर हरवलेल्या शत्रूंचीच म्हणतात.

इट्झकाठी

@मोकासदार, शंका अगदी रास्त. सार्डिनियाची डोकी स्पेनमधल्या आरागॉनच्या राजांकडून आली. त्यांची कथा १०९६च्या अल्कोराथच्या लढाईची आहे, मूर, म्हणजे तिथल्या मुसलमान सरदारांवरच्या विजयाची. म्हणजे तिथे तुम्ही म्हणता तसंच. पण कोबुर्गचं डोकं तसं नाही. ढालीवर प्राणी असो वा माणूस, पुष्कळदा फक्त डोकंच काढतात, कारण जागा थोडी आणि लांबून ओळखू यायला हवं. इथे चर्च त्याचं, गाव त्याच्या आश्रयाला, मग डोकंही त्याचंच.

म्हणून सगळी काळी डोकी एका मापानं मोजता येत नाहीत. म्युनिकजवळच्या फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हातही एक आहे, तेही मुकुट घातलेलं. त्यांच्या जुन्या मुलखातल्या काही गावांच्या ढालींवर ते आजही दिसतं. पोप सोळावे बेनेडिक्ट आधी तिथले आर्चबिशप होते, त्यामुळे २००५ मध्ये ते पोपच्या चिन्हातही गेलं. एकच आकार, पण प्रत्येक ठिकाणी गोष्ट निराळी.

गडवाट

मुंडक्यावरून आठवलं. अबुल हसननं काढलेलं जहांगीराचं एक चित्र आहे, साधारण १६१६चं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या डोक्यावर बाण मारतोय. आणि तेव्हा मलिक अंबर जिवंत होता! इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. १६१० मध्ये खडकी (नंतरचं औरंगाबाद) वसवली आणि मोगलांना आयुष्यभर दाद दिली नाही. १६२६ मध्ये वारला तो म्हातारपणानं, कुणाच्या बाणानं नाही. खुलताबादला त्याची कबर पाहिलीय, साधी आणि देखणी. काळ्या माणसाचं डोकं एकानं द्वेषानं काढलं आणि एका गावानं भक्तीनं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघावंसं वाटलं.

शाईचा डाग

लेख उत्तम, माहिती नवीन. तरी निष्कर्ष पूर्ण पटत नाही, स्पष्टच लिहितो.

तुमच्या लेकीला वर्गातला मुलगा 'हा तुझ्यासारखा' म्हणाला. त्या मुलाच्या मनात संत नव्हता. त्याला दिसले जाड ओठ, कानातली बाळी आणि काळा रंग. माग्देबुर्गचा पुतळा तुम्ही अर्धा तास बघत उभ्या राहिलात, पण झाकणावरचं चित्र बघायला कोण थांबतं? लोक त्याच्यावर पाय देऊन जातात. ज्याचा अर्थ सांगायला इतका मोठा लेख लागतो, ते चिन्ह गावाच्या रोजच्या वापरात असावं का? संग्रहालयात ठेवा, शेजारी नीट माहिती लिहा.

रेघोटी

मी अक्षरांचं आणि बोधचिन्हांचं काम करते, म्हणून दोन गोष्टी.

युरोपातल्या ढालींचा एक मूळ नियम फार शहाणा आहे : बंधनकारक असतात ते शब्द, चित्र नव्हे. म्हणजे 'सोन्यावर काळ्या माणसाचं डोकं' असं वर्णन ठरलेलं असतं. ते पाळून प्रत्येक पिढीतला चित्रकार आपल्या हातानं नव्यानं काढू शकतो. सिंह कुणी बारीक काढतो, कुणी गुबगुबीत. दोन्ही तोच सिंह.

रंगांचाही नियम आहे. सोनं आणि चांदी हे धातू, म्हणजे पिवळा आणि पांढरा. तांबडा, निळा, काळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. रणांगणात धुळीतून ढाल ओळखू यायला हवी म्हणून. कोबुर्गचं सोन्यावर काळं याच हिशेबात बसतं. आणखी एक गंमत म्हणजे ढालीची उजवी-डावी बाजू बघणाऱ्याची नसते, ती धरणाऱ्याची असते.

तर ताई, त्या ओठांची जाडी कुठल्याही नियमात लिहिलेली नसते. ती चित्रकारानं ठरवलेली असते. चिन्ह तेच ठेवून चेहरा बदलता येतो.

इट्झकाठी

@रेघोटी, तुम्ही माझ्या मनातलं नेमक्या शब्दांत मांडलंत! दोन महिने मी हेच चाचपडत होते. माग्देबुर्गचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून कोबुर्गची ढाल नव्यानं काढली तर शब्द एकही बदलत नाही, पण माणूस माणसासारखा दिसेल. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटाच्या झेंड्यावरही असंच डोकं आहे. त्याच्या डोळ्यांवर पट्टी असायची. अठराव्या शतकात तिथला नेता पाओली यानं ती कपाळावर सरकवली आणि डोकं तेच राहूनही अर्थ पार बदलला.

@शाईचा डाग, झाकणांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आपल्याकडे देवाचं चित्र पायाखाली आलं तर आपण कळवळतो. मी त्या झाकणांना वळसा घालून चालते, आता लेकही चालते. पण चिन्ह संग्रहालयात ठेवावं हे मला पटत नाही. त्याला एकदा या गावातून हाकललेलं आहे. कोणी आणि का ते वर लिहिलंच आहे. तेच काम आपण चांगल्या हेतूनं पुन्हा करायचं, याला माझं मन तयार होत नाही.

शाईचा डाग

ताई, भावना समजते. पण नाझींनी काढलं एवढ्यावरून ते ठेवायलाच हवं असं ठरत नाही. त्यांनी का काढलं आणि आज कुणी का काढा म्हणतं, ही कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तेव्हा काळ्या माणसाला मान मिळू नये म्हणून काढलं. आज काळ्या माणसांनाच ते चित्र सलतं म्हणून ती मागणी येते. निर्णय कुठलाही होवो, आधी त्यांचं ऐकायला हवं.

इट्झकाठी

हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. मी दोन्ही एकाच तराजूत घातलं, ते चुकलं.

झालं असं की २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची हत्या झाल्यावर, इथेही हा विषय पेटला. चिन्ह बदला म्हणून ऑनलाइन याचिका आली. लगेच ते ठेवा म्हणून दुसरी आली. चिन्ह आहे तसंच राहिलं. पण त्या वादात दोन्हीकडचे आवाज इतके चढले की हा मुळात कोण आहे हे सांगणारा आवाज ऐकूच आला नाही. माझ्या शेजारच्या आजींनी ऐंशी वर्षं इथे काढलीत. त्यांना तो संत आहे हे लहानपणापासून ठाऊक. आणि खालच्या मजल्यावर इरिट्रियाहून आलेलं एक कुटुंब आहे. त्या घरातल्या बाईंना मी माग्देबुर्गचा फोटो दाखवला. खूप वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हा आमच्याकडच्या चर्चमध्ये शोभला असता." ढालीचं चित्र दाखवल्यावर काही बोलल्या नाहीत. फोन माझ्या हातात परत दिला.

तुम्ही म्हणता ते ऐकणं म्हणजे कदाचित हेच.

श्प्रेच्या काठी

बर्लिनहून भर घालतो. आमच्याकडच्या 'मोरनश्ट्रासे'चं (म्हणजे 'मोरांचा रस्ता') नाव बदलायचं २०२० मध्ये ठरलं. नवं नाव आंटोन विल्हेल्म आमो यांचं. आजच्या घानामधून लहानपणी इथे आणले गेलेले आणि अठराव्या शतकात हाले आणि येना इथल्या विद्यापीठांत शिकवणारे तत्त्वज्ञ. मला हा मार्ग आवडला. 'कुणीतरी एक काळा माणूस' जाऊन तिथे नाव-गाव असलेला माणूस आला. कोबुर्गला तर नाव शोधायलाही नको, तयारच आहे. 'मोर' न म्हणता 'माउरित्सिउस' म्हणायला सुरुवात केली तरी अर्धं काम होईल.

इट्झकाठी

@श्प्रेच्या काठी, +१. आम्ही घरात आता तेच म्हणतो.

पोर्ट लुईकर

नमस्कार. मी मॉरिशसचा मराठी. चूकभूल द्यावी घ्यावी, आमची भाषा घरात टिकवलेली आहे.

हा धागा वाचून मी चकित झालो. आमच्या बेटाला १५९८ मध्ये डच खलाशांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्स यांचं नाव दिलं. शाळेत आम्ही तेवढंच शिकलो. पण त्या राजपुत्राचं नावसुद्धा याच संतावरून आलेलं, हे आज समजलं. म्हणजे आमच्या देशाच्या नावात आफ्रिकेचा एक सैनिक बसलेला आहे. या बेटावर आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले, मग आमचे पूर्वज कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, ऊसमळ्यात आले. आमच्याकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. यंदा मंडळात मुलांना ही गोष्ट सांगणार आहे. ताई, आभार.

इट्झकाठी

दादा, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. जर्मनमध्ये तुमच्या देशाचं आणि या संताचं नाव अक्षरशः एकच आहे, 'माउरित्सिउस'. तिनं नकाशात बेट शोधून त्यावर बोट ठेवलं. भाषा अगदी छान आहे तुमची, चूकभूल कसली!

रानजाई

कोबुर्ग म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचं ना? भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्याचा संगमरवरी पुतळा आहे. लहानपणी बघितलाय.

इट्झकाठी

हो, तोच. आल्बर्टचा जन्म १८१९ मध्ये कोबुर्गजवळच्या रोझेनाऊच्या वाड्यात झाला. भायखळ्याचा पुतळा मॅथ्यू नोबलनं घडवलाय आणि खर्च डेव्हिड ससून यांनी केला. आमच्या इथे बाजारचौकाच्या मधोमध त्याचा दुसरा पुतळा उभा आहे. १८६५ मध्ये खुद्द राणीनं येऊन त्याचं अनावरण केलं.

मोकासदार

येत्या उन्हाळ्यात कामानिमित्त न्यूर्नबर्गला येतोय. एक दिवस काढता येईल. माउरित्सिउस नीट बघायचा तर कुठे जावं? झाकणांवर नको.

इट्झकाठी

अवश्य या! न्यूर्नबर्गहून थेट गाडी आहे. स्टेशनातून चालत बाजारचौकात या. आल्बर्टच्या पुतळ्यापाशी थांबा आणि नगरपालिकेच्या जुन्या इमारतीकडे मान वर करून बघा. छपराच्या त्रिकोणी माथ्यावर एक छोटी उभी मूर्ती दिसेल. तोच आपला माउरित्सिउस, अख्खा, हातापायांसकट. त्याच्या हातात सेनापतीची काठी आहे. गावात सांगतात की ती काठी म्हणजे इथल्या सॉसेजचं माप. कच्चं सॉसेज त्या काठीएवढं भरलं पाहिजे, साधारण ३१ सेंटिमीटर. म्हणून त्या मूर्तीला लोक 'ब्राटवुर्स्टमेन्ले' म्हणतात, सॉसेजवाला बाप्या. तेही लाडाचं नाव आहे. चौकातल्या गाडीवर सॉसेज पाइनच्या वाळक्या शंकूंवर भाजतात, त्याचा राळेचा वास चौकभर असतो. तुम्ही खात नसाल तर नुसता वास घ्या.

मग दोन मिनिटांवर मोरित्सकिर्श. तिचे दोन मनोरे कमी-जास्त उंचीचे आहेत, त्यामुळे लांबूनच ओळखता येईल. आत गेलात की थोडा वेळ बसा.

संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या. ज्वारीचं पीठ सातारहून आलंय. आणि लेकीला तुम्हाला तिची ढाल दाखवायचीय. तिनं नुसतं डोकं ठेवलं नाही, खाली चिलखत काढलंय आणि तुटलेले पायसुद्धा पुरे केलेत.

मोकासदार

नक्की येतो. सातारचे कंदी पेढे घेऊन येईन.